विसावा अंगठा

"घरी मागं कोण राहणार?" मी विचारलं.

"म्हातारी हाय की," प्रयागबाई म्हणाली.

मी लिहिलं : आजी, हयात.

"वय?"

ती जरा अडखळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. अंकुश गर्जे ओसरीवर कोयत्याला नवी मूठ बसवत होता. वर न बघताच तो म्हणाला, "लिवा की गुर्जी तुमच्या मनानं. म्हातारीला काय वय आसतंय व्हय?"

मी माझ्या मनाने सत्तर लिहिलं. शेजारच्या घरी अडुसष्ट लिहिलं होतं, त्यामुळे सत्तर शोभून दिसत होतं.

त्यांची मुलगी शिवकन्या चौकटीला टेकून उभी होती. ती माझ्याच वर्गात, सातवीत. फळ्यावर माझी बेरीज चुकली की हात वर करण्याइतकाही धीर न धरणारी ही मुलगी त्या दिवशी मुकाट्याने पायाच्या नखाने जमीन उकरत होती. मला वाटलं, गुरुजी घरी आले म्हणून लाजत असेल. त्या काळात मला पुष्कळ गोष्टी वाटत असत.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या बोरदरा नावाच्या गावात जुलैपासून शिक्षक होतो. मूळचा मी सांगलीकडचा. आमच्याकडे ऊस पिकतो आणि बोरदऱ्याची माणसं तो तोडायला येतात, एवढाच आमचा पूर्वीचा परिचय. दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टरवर बसून कारखान्यांकडे जाई, ते उन्हाळ्यात परत येई. आईबापांबरोबर पोरंही जात. मोठी पोरं धाकट्यांना सांभाळत, धाकटी पोरं उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या, ढिगावर झोपत. त्याच्या चार वर्षं आधी सरकारने यावर चांगला उपाय काढला होता. आईबाप जातील ते सहा महिने पोरांनी शाळेतच राहायचं. दोन खोल्या, दोन वेळचं जेवण, स्वयंपाकाला हौसाबाई. नाव होतं हंगामी वसतिगृह. गेल्या साली त्यात चव्वेचाळीस पोरं होती.

त्या वर्षी नवीन परिपत्रक आलं. योजना बंद झालेली नव्हती. ती 'अधिक नेमकी' झाली होती. ज्या मुलाच्या घरी मागे कोणी वडीलधारं राहतं, त्याला वसतिगृहाची गरज नाही. वीसपेक्षा कमी मुलं पात्र ठरली, तर वसतिगृहाचीच गरज नाही. आणि जी मुलं आईबापांबरोबर जातील, त्यांना शिक्षकाने एक कार्ड द्यायचं. ते दाखवलं की राज्यातली कुठलीही शाळा त्यांना बसवून घेईल. म्हणजे खोल्या, भाकरी आणि हौसाबाई यांच्या जागी वहीच्या पुठ्ठ्याएवढं एक कार्ड. वाचताना मला ते फार आटोपशीर वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

पाहणी मी दोन दिवसांत उरकली. माझं अक्षर चांगलं आहे. शेवटी 'शेरा' असा रकाना होता. तो कोणी भरत नाही. मी भरला. 'गावात वृद्ध महिलांचे प्रमाण लक्षणीय असून ही समाधानाची बाब आहे.'

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिवकन्या टेबलापाशी घुटमळली.

"गुर्जी, वसतिगृह व्हईल ना?"

"होईल की. का?"

"फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा हाय. उसावर गेल्यावर कशी देऊ?"

ती परीक्षा तिने फार मनावर घेतली होती. नंबरात आली तर तालुक्याच्या मोठ्या शाळेत, तिथून विज्ञान, तिथून पुढे तिचा बेत पक्का होता. वर्गात मी एकदा सगळ्यांना विचारलं होतं, मोठेपणी कोण होणार? पोरांनी पोलीस, फौजी, जेसीबीवाला अशी नेहमीची उत्तरं दिली. ही म्हणाली, "बैलांची डॉक्टर."

"बैलांचीच का?"

"म्या दुसरीत व्हते तव्हा कारखान्यावर एक बाई आली व्हती, बैलांला सुया टोचायला. आमचा मुकादम बैलाचं शिंग धरून हुभा. अन् बाई त्येला म्हणती, 'नीट धर रे, हलू देऊ नको.'" एवढं सांगून तिने वर्गाकडे पाहिलं. मुद्दा कोणाच्या लक्षात येत नाही असं बघून पुन्हा म्हणाली, "मुकादमाला! आरे म्हणली!"

बैलांबद्दल तिला काही विशेष माया होती असं नाही.

आठ दिवसांनी तालुक्याहून पत्र आलं. बोरदरा : पात्र विद्यार्थी नऊ. सबब वसतिगृह नामंजूर.

मी पत्र खिशात घालून हौसाबाईकडे गेलो. ती शाळेमागे मोठं पातेलं राखेने घासत होती. यंदाच्या हंगामाची तयारी.

"मावशी, राहू द्या ते," मी म्हणालो. "वसतिगृह नाही यंदा. पण मी काय म्हणतो, घरोघरी आज्या आहेतच. पोरं त्यांच्याकडे राहू देत. संध्याकाळचा अभ्यास मी घेईन. तुम्ही फक्त त्या आज्यांना जरा समजावून सांगा."

"कोन्च्या आज्या?"

मी यादी काढली आणि वाचायला लागलो. सानपांची आजी, वय अडुसष्ट. तांदळ्यांची, ब्याऐंशी. चौथ्या-पाचव्या आजीला हौसाबाईने पातेलं खाली ठेवलं. सातव्या आजीला ती पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकून बसली. पदराआडून चिमणीसारखा आवाज यायला लागला. मला वाटलं रडतेय.

"ब्याऐंशी!" तिला बोलवेना. "आगं बया बया बया! चला गुर्जी. चला, तुमाला ब्याऐंशीची दावते."

तांदळे मंडळी दोन दिवसांपूर्वीच पहिल्या ट्रॅक्टरने गेली होती. दाराला कुलूप. हौसाबाईने मला मागच्या झरोक्याशी नेलं आणि म्हणाली, "बघा."

आत अंधार होता. डोळे सरावल्यावर दिसलं. चुलीशेजारी पसाभर ज्वारी पसरलेली, ज्वारीवर पाट्याचा वरवंटा उभा केलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं आणि वरून जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरलेला, डोक्यावर पदर घ्यावा तसा.

"ही म्हातारी," हौसाबाई म्हणाली. "घर सुनं ठिवून जात नसत्यात. राखणीला म्हातारी बसवायची अन् मग कुलूप लावायचं. कुनी पुसलं तर सांगायचं, म्हातारी हाय."

एकवीस घरांतले वरवंटे मी हयात लिहिले होते.

"अहो पण मावशी, मग मला सरळ सांगायचं ना, घरी कोणी नाही म्हणून!"

तिने खाडकन दोन्ही कानांवर हात ठेवले. हसू पार गेलं. "गुर्जी! दारात हुभं ऱ्हाऊन आसं बोलू न्हाई. वास्तू तथास्तु म्हणती. माणसं उसात जात्यात, तिथं कोयता हाय, साप हाय, ट्रॅक्टर उलथतोय. घराला 'कुनी न्हाई' म्हणलं अन् तसंच झालं मंजी?"

मी हसणार होतो. पण आमच्या घरी मीठ संपत नाही, ते 'वाढतं'. आई बांगडी फुटली म्हणत नाही, आणि मी बोरदऱ्याला यायला निघालो तेव्हा तिने मला 'जातो' म्हणू दिलं नव्हतं. मी यादीची घडी घातली.

तालुक्याला विस्तार अधिकारी होते कुलथे साहेब. सज्जन माणूस. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, तोवर शक्यतो कशावर सही करू नये अशा मताचे. माझं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इंगवले सर, तुम्ही वरवंट्याची जन्मतारीख टाकलीत?"

"वय टाकलं साहेब. अंदाजे."

"हां. मग ठीक आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "माझी आई लाल लुगड्याचा तुकडा घालायची म्हातारीला. ऊस तोडूनच शिकवलं तिनं मला." मग चष्मा लावून पुन्हा अधिकारी झाले. "फेरचौकशी करता येते. पण पालकानं पंचांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे की सांभाळणारं कोणी नाही. छापील नमुना आहे. मी गुरुवारी येतो."

गुरुवारीच उरलेले ट्रॅक्टर निघायचे होते. सकाळी शाळेसमोर तीन ट्रॅक्टर उभे राहिले. ट्रॉल्यांत पत्रे, बांबू, पाण्याचे ड्रम, कोंबड्यांच्या डालग्या चढत होत्या. पोरांची बोचकी मात्र शाळेच्या ओट्यावर ठेवलेली होती. वसतिगृह झालं तर ती तिथे राहतील, नाही झालं तर ट्रॉलीत. पोरं आपापल्या बोचक्यावर बसून होती. शिवकन्या शिष्यवृत्तीचं पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

कुलथे साहेब खुर्चीवर बसले, नमुना मांडीवर घेतला, पहिल्या पालकाला बोलावलं आणि पेनाचं टोपण काढून थांबले. नमुन्यात प्रश्न छापलेला होता. त्यांनी तो मनात वाचला. मग माझ्याकडे नमुना सरकवला.

"तुम्ही विचारा. तुम्ही सांगलीचे. तुम्हाला चालतं."

मी विचारलं, "तुमच्या घरी मागे सांभाळायला कोणीही नाही, बरोबर?"

समोरची बाई दोन पावलं मागे सरली आणि थुंकली. राग म्हणून नव्हे, शब्द अंगाला लागू नयेत म्हणून. तिच्या मागचा माणूस मला म्हणाला, "गुर्जी, तुमचं काय वाकडं केलं वो आमी? निघायच्या येळंला असलं बोलायलेत?"

"मी बोलत नाहीये, कागदावर आहे. तुम्ही नुसतं 'हो' म्हणा."

"हो बी न्हाई म्हणायचं अन् न्हाई बी न्हाई म्हणायचं. म्हातारी हाय."

पहिली चार घरं अशीच गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. तेव्हा इतका वेळ खांबाला टेकलेली हौसाबाई पुढे आली. कोणाचं नाव न घेता, हवेला उद्देशून बोलल्यासारखी म्हणाली, "म्हातारी हाय, ते खरंच हाय. पर म्हातारीला उठता येतंय का? भाकरी थापता येती का तिला? त्येवढं सांगायला काय हुतंय?"

 मग सानपांची सून हळूच म्हणाली, "न्हाई बया. उठता न्हाई येत तिला."

"ऐकू येतं का?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

"कशाचं ऐकू येतंय? दगडावानी बसून आसती."

साहेबांनी लिहिलं : आजी आहे, परंतु सांभाळ करण्यास असमर्थ. "पुढचे."

मग रांगच लागली. कोणाच्या म्हातारीला दिसत नव्हतं, कोणाची चार वर्षांत जागची हलली नव्हती. एकाने उत्साहाच्या भरात आपली म्हातारी दोनदा पाट्यावरून पडली म्हणून सांगितलं, तेव्हा बायकांत खसखस पिकली आणि साहेबांना खोकला आला. काही घरं आधीच गेलेली होती, काहींना हाताशी पोर हवंच होतं, त्यामुळे चव्वेचाळीस होणार नव्हते. आधीच्या नऊ जणांतलेही चार जण गेलेले होते. पण आकडा वाढत होता. बारा झाले, पंधरा झाले, एकोणीस झाले. आता एकच घर राहिलं होतं. गर्जे.

प्रयागबाई कडेवरचं तान्हं घेऊन समोर आली.

"म्हातारी आहे?" साहेबांनी विचारलं. ते आता सरावले होते.

"हाय."

"उठता येतं का तिला?"

प्रयागबाईने बाळ या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"बाई, उठता येत नाही, एवढंच म्हणायचं."

तिने ओठ घट्ट मिटले. बाळ तिच्या गळ्यातली पोत ओढत होतं, तेही तिला कळत नव्हतं. मागे कोणी तरी पुटपुटलं, "तिला नका पुसू." मी हौसाबाईकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी आली.

"त्यांची खरीच म्हातारी व्हती गेल्या सालापोतर," ती कुजबुजली. "अंकुशाची माय. म्हणली, म्या ऱ्हाते घरी. ह्येनी गेले ठिवून. पोरगी इथं वसतिगृहात. सक्रांतीला पोरगी तिळगूळ घिऊन घरी गेली, तर म्हातारी चुलीम्होरं पडलेली. उठताच आलं न्हवतं तिला. दोन दीस."

तिळगूळ घेऊन कोण गेलं होतं ते मला विचारावं लागलं नाही. शिवकन्या बोचक्यावरून उठली होती.

ती चालत आली आणि आईच्या शेजारी, पण आईला न शिवता, उभी राहिली. वर्गात कविता म्हणताना उभी राहायची तशी.

"आजी न्हाई," ती म्हणाली. "आजी मेली. आमच्या घरात कुनी न्हाई."

 कोणी तरी "आगं" म्हणालं आणि तिथेच थांबलं. एक म्हातारा देवळाकडे तोंड करून हात जोडून उभा राहिला.

"पालकांचं म्हणणं लागतं," साहेब हळू आवाजात म्हणाले.

अंकुश गर्जे ट्रॉलीवरून उतरला. त्याने बायकोकडे पाहिलं नाही, पोरीकडेही पाहिलं नाही. शाईच्या डबीत अंगठा बुडवून तो नमुन्यावर टेकवला. "पोरीनं म्हणलं त्ये म्हणलं," एवढंच बोलला आणि अंगठा धोतराला पुसत परत चढला.

साहेबांनी आकडा लिहिला, वीस. तिथल्या तिथे सही केली. दीड वर्ष शिल्लक असताना. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "चालवा नीट. अंगठ्याचं यंत्र सोमवारी पाठवतो. रोज दोन वेळा हजेरी. वीसच्या खाली एक दिवस गेला, तर ते आपोआप बंद पडतं. माझ्या हातात नाही मग." आणि त्यांची जीप गेली.

जीपची धूळ खाली बसायच्या आत प्रयागबाई शाळेच्या ओट्याकडे गेली. तिने शिवकन्येचं बोचकं उचललं आणि ट्रॉलीत टाकलं.

"प्रयागबाई, हे काय?" मी धावलो. "तिला इथं राहायचंय! तिच्यामुळे तर झालं वसतिगृह!"

"न्हाई म्हणल्या घराच्या गावात लेकरू ठेवीत नसत्यात."

"अहो, ती माझ्याजवळ राहील, शाळेत. परीक्षा आहे तिची."

"गेल्या साली एक ठिवून गेले व्हते," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमाला वीस पायजे व्हते ना गुर्जी? झाले की वीस."

 

शिवकन्या रडली नाही. ती ट्रॉलीत चढली, आईकडून बाळ घेतलं, मग वरून वाकून म्हणाली, "गुर्जी, महं कार्ड?"

कार्डांचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता. नाव, इयत्ता, सही, शिक्का. दोन मिनिटांचं काम. पण कार्ड फाडून दिलं की तिचं नाव 'स्थलांतरित'मध्ये जाणार, आणि ते तिथे गेलं की ओट्यावर बसलेल्यांचे एकोणीस उरणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. वसतिगृह झालं हे त्यांना कळलं होतं. त्यांनी बोचकी सोडायला सुरुवात केली होती, एकाने तर पांघरूणही अंथरलं होतं.

"पाठवतो," मी म्हणालो. "पत्ता कळव. पोस्टाने पाठवतो."

"नक्की?"

"नक्की. आणि काही अडलं तर माझा नंबर आहे ना?"

तिने नंबर पाठ म्हणून दाखवला. एकही आकडा चुकला नाही.

सोमवारी यंत्र आलं. साबणाच्या वडीएवढं, हिरवा दिवा असलेलं. एकेका पोराचं नाव टाकून अंगठा नोंदवला. विसावं नाव टाकलं : शिवकन्या अंकुश गर्जे. यंत्र म्हणालं, अंगठा ठेवा. मी पोरांना पाणी प्यायला पाठवलं आणि माझा डावा ठेवला. त्याने खात्रीसाठी तीन वेळा मागितला. मी तीन वेळा दिला. दिवा हिरवा झाला. उजवा अंगठा अधीक्षक म्हणून माझ्या नावावर होताच. सरकारदरबारी माझे दोन हात दोन निराळ्या माणसांचे झाले.

वसतिगृह उत्तम चाललं, हे सांगायला हवं. पोरं अंगाने भरली. सानपांच्या धाकट्याला नऊचा पाढा आला, जो त्याच्या घराण्यात पूर्वी कोणाला आला नव्हता. हौसाबाई एकोणीस पोरांना वीस जणांचं जेवण घालत होती आणि विसावं कोण खातं हे कधी विचारत नव्हती. जिल्ह्याच्या बैठकीत बोरदऱ्याचं नाव निघालं. एक विद्यार्थिनी अशी होती की जिचा एकही खाडा नव्हता, आजारपणसुद्धा नाही.

तिचा पत्ता आला नाही. मला हायसं वाटलं. तिथे जवळ शाळा नसेल, मी स्वतःला सांगितलं.

फोन आला तो जानेवारीच्या शेवटी, दुपारी, पोरं जेवायला बसली होती तेव्हा.

"बोरदऱ्याचे इंगवले सर का?" बाईंचा आवाज होता, आमच्याच भागातला. ऐकून बरं वाटलं. "मी शेडबाळे. कृष्णाकाठी शाळा आहे आमची, कारखान्याजवळ. एक मुलगी आलीय बघा माझ्याकडं. ऊसतोड्यांची. रोज उसाच्या फडावरनं येऊन खिडकीशी उभी राहती, धाकट्या भावाला काखेला मारून. आज मीच आत घेतलं. हुशार आहे हो. माझी बेरीज चुकली ती सांगितली तिनं खिडकीतनं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कार्ड नाही तिच्याकडं. म्हणती, गुरुजी पाठवणार होते. मी म्हटलं, असू दे, संगणकावर नाव घालूया. तर घेईना. तुमच्याकडं वसतिगृहात हजर दाखवतंय. आज सकाळची पण हजेरी आहे. शिवकन्या अंकुश गर्जे. काय तरी घोटाळा झालाय बहुतेक. तुम्ही एवढं म्हणा की ती तिथं नाही, तर मी आजपासून बसवून घेते. शिष्यवृत्तीचा फॉर्म तुम्ही भरलाय म्हणती, केंद्र बदलून घेऊ. अजून तीन आठवडे आहेत, होईल तयारी."

व्हरांड्यात एकोणीस पोरं भिंतीला टेकून रांगेत बसली होती. हौसाबाई वाढत होती. त्या दिवशी गूळ आला होता. सानपांचा धाकटा गुळाचा खडा जिभेवर ठेवून, तोंड न हलवता बसला होता, लवकर विरघळू नये म्हणून.

"हॅलो? सर?"

"ती इथेच आहे," मी म्हणालो. "हजर आहे."



"मग ही कोण?" शेडबाळे बाईंनी विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "थांबा, तिच्याकडंच देते."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. बाळाची कुरकुर ऐकू आली.

"गुर्जी?"

"हं."

"म्या ऐकलं," ती म्हणाली. फोनचा आवाज मोठा असावा, किंवा शाळा लहान असावी. "गुर्जी, पोरं हायेत का तिथं?"

"आहेत."

"समदी?"

"सगळी. जेवायला बसलीत."

"सानपाचा बारक्या?"

"आहे. गूळ खातोय."

 विचार करताना ती खालचा ओठ दातांत धरायची. मला ते दिसत नव्हतं, पण मी ते पाहत होतो.

"बरं," ती म्हणाली.

मग तिने फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण पुढचं बोलणं माझ्याशी नव्हतं. पण ते स्पष्ट ऐकू आलं. तिने वर्गातला आवाज लावला होता.

"बाई, म्या ती न्हाई. महं चुकलं. ती दुसरी हाय."

बाई काही तरी म्हणाल्या. बाळ रडायला लागलं आणि रडण्याचा आवाज लांब लांब गेला. बऱ्याच वेळाने शेडबाळे बाई पुन्हा फोनवर आल्या.

"गेली हो. हाक मारली, तर थांबलीसुद्धा नाही. काय तरी एकेक पोरं असतात बघा, सर. खोटंच नाव सांगितलं मला."

"हो," मी म्हणालो. "असतात."